सोऱ्या आणि लान्सिंगचं कुटुंब

मी सोऱ्या. चकल्यांचा. पितळी, पेचाचा, आणि वजनदार. दिवाळी सोडून एरवी माझी कोणाला आठवण येत नाही, त्यामुळे तुम्ही थांबून ऐकताय याचंच मला अप्रूप वाटतंय. बसा. सध्या मी कोरडा आहे, तुमचे कपडे तेलकट होणार नाहीत.

आधी माझ्या खानदानाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिराने मला घडवलं, आतून पेच बसवला, वर आडवी मूठ लावली आणि तळाशी बदलता येतील अशा चकत्या दिल्या. शेवेच्या चकत्या काय, कोणाकडेही असतात. माझी खरी ऐट चांदणीच्या भोकाच्या चकतीत आहे. तिच्यातून जी चकली उतरते तिचा काटा असा काही उभा राहतो की खाणाऱ्याने आधी जरा बघत राहावं.

नागपूरला इतवारीत एका भांड्याच्या दुकानात वसुधाच्या आईने मला उचललं, हातात तोललं आणि दुकानदाराला म्हणाली, "द्या बांधून. अमेरिकेत काही मिळत नाही म्हणतात बाप्पा." वसुधाचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा चंद्रशेखर मेश्राम, इंजिनीअर, मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. मी तिच्या बॅगेत साड्यांच्या मधोमध झोपून निघालो.

विमानतळावर कस्टमच्या साहेबाने मला बाहेर काढलं. पेच फिरवून पाहिला. चांदणीच्या भोकाला डोळा लावून वसुधाकडे पाहिलं. हे काय आहे म्हणून विचारलं. आता सोऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं? वसुधाने बोटाने हवेत गोल गोल काढून दाखवलं आणि मग कुडूम कुडूम खाल्ल्यासारखं केलं. साहेबाला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मला हळूच परत ठेवलं आणि बॅगेपासून दोन पावलं मागे सरकला.

असे आम्ही ट्रॉयला आलो. डेट्रॉइटच्या बाहेरचं गाव, रुंद रस्ते, सगळे गाडीतून फिरणारे. वसुधाने पहिल्याच वर्षी मला डिशवॉशरमध्ये घातलं. मी काळाठिक्कर पडून बाहेर आलो. तिने चिंचेने घासून घासून माझा रंग परत आणला आणि मला शब्द दिला की पुन्हा असं होणार नाही. तो तिने पाळला. शब्द पाळणारी बाई आहे.

आणि मानीही तितकीच. कोणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, हा तिचा बाणा. शेजारणीचा डबा आला तर तो कधी रिकामा परत जायचा नाही. उलट आला तेव्हा अर्धा असला तर जाताना झाकण बसायचं नाही इतका भरलेला. मला मात्र ती कोणाला एकट्याला द्यायची नाही. "सोऱ्या पाहिजे का? मी घेऊन येते," म्हणायची. ट्रॉयमधल्या बाकीच्या बायकांकडे ॲल्युमिनियमचे हलके सोऱ्ये होते. भाजणी जरा घट्ट झाली की त्यांचे पेच आवळून बसत. मी कोणाला नावं ठेवत नाही, पण ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियमच.

रुपालीचा जन्म इथलाच. ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत द्यायची आणि माझ्या चकत्यांची गाडीची चाकं करून खेळायची. आमचं बरं चाललं होतं.

मग मोटारींचा धंदा बसला. एकामागून एक कारखान्यांत माणसं कमी केली, त्यात चंद्रशेखरची नोकरी गेली. या देशात आजारपणाचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तोही गेला. चंद्रशेखर हातपाय गाळून बसणारा माणूस नव्हता, त्याने भाड्याने गाळा घेऊन टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. वसुधा कापडाच्या दुकानात अर्धवेळ जायला लागली. विम्याचं काय, तर पुढच्या महिन्यात घेऊ. मग त्याच्या पुढच्या.

आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर चंद्रशेखरच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. आतड्याचा कॅन्सर निघाला. आता विमा मागायला गेलं तर कोणती कंपनी दारात उभं करणार? ऑपरेशन लवकर झालं तर माणूस वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. पण आधी काही रक्कम भरा, मग तारीख देऊ, असं हॉस्पिटलच्या ऑफिसातून सांगितलं. दुकानात घातलेले पैसे दुकानात अडकलेले. म्हणजे तारीख नुसती लांबत होती आणि पोटातलं दुखणं काही थांबणारं नव्हतं.

वसुधाने हे बाहेर कोणाला कळू दिलं नाही. त्या काळी 'कॅन्सर' हा शब्द आपली माणसं दार लावून घेऊन उच्चारत. घरातसुद्धा 'ते' म्हणायचे. 'ते'साठी परवा जायचंय. 'ते' कळल्यापासून जेवण जात नाही. मी ओट्याखालच्या कपाटात बसून सगळं ऐकत होतो आणि मला फार वाईट वाटत होतं. पण सोऱ्याने करायचं काय? माझ्याने फार तर चकली होते.

आता गुपिताचं कसं असतं पाहा. चंद्रशेखरला तपासणीला नेऊन आणणारा त्याचा मित्र म्हणजे ज्ञानदेव. आपलाच माणूस, दारातून "जयभीम" म्हणत यायचा, चंद्रशेखरच्याच जुन्या कारखान्यात अजून टिकून होता. त्याला शपथ घातली होती. त्याने ती इमानाने पाळली, फक्त बायकोला सांगितलं. शोभाने ती इमानाने पाळली, फक्त सुलभाताईंना सांगितलं. सुलभाताई म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षा, मूळच्या पुण्याच्या. त्यांना सांगितलं म्हणजे मंडळाला सांगितलं. आठवड्याभरात अख्ख्या ट्रॉयमधल्या मराठी माणसांना कळलं होतं, आणि वसुधाला वाटत होतं कोणालाच कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतकी हुशार बाई, तिच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, ज्याने आपलं दुःख घट्ट झाकून ठेवलेलं असतं ना, त्याला ते झाकलेलंच आहे असं वाटत राहतं.

सुलभाताईंनी आधी सरळ मार्ग धरला. बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि लाडवांच्या खाली पैशांचं पाकीट दडवलं. दोन दिवसांनी डबा परत गेला. वर चिवडा, काठोकाठ. आणि चिवड्याच्या खाली पाकीट, तसंच्या तसं. वसुधा एक शब्द बोलली नाही, सुलभाताईही बोलल्या नाहीत. डब्याने काय ते सांगितलं.

मग सुलभाताईंनी वाकडा मार्ग धरला. एका दुपारी त्या आणि पद्मिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पद्मिनी म्हणजे मंडळाची सगळ्यात तरुण सभासद, लग्न होऊन नुकती आलेली, मनातलं सगळं चेहऱ्यावर दिसणारी.

"वसुधा, तुझा सोऱ्या दे ना गं. दिवाळीला मंडळातर्फे फराळाची विक्री करतोय, चर्चच्या हॉलमध्ये. एका फॅमिलीला हेल्प करायची आहे," सुलभाताई म्हणाल्या.

"कोणती फॅमिली?"

"लान्सिंगची." लान्सिंग म्हणजे आमच्यापासून गाडीने तास-दीड तास. सुलभाताईंना ऐन वेळी तेच आठवलं.

"लान्सिंगला कोण मराठी आहे बाप्पा?"

"नवीनच आलेत," पद्मिनी पटकन म्हणाली.

"काय झालं त्यांना?"

सुलभाताईंनी चहाच्या कपात पाहिलं. "नवरा आजारी आहे. मोठं ऑपरेशन आहे. आणि इन्शुरन्स नाही."

गॅसवर दूध उतू गेलं तरी वसुधाचं लक्ष नव्हतं. आपल्यासारखंच आणखी एक घर या बर्फात कुठेतरी आहे, हे ऐकून तिचे डोळे भरून आले होते. "बाई गं," ती म्हणाली. "मुलंबाळं?"

"दोन मुलं," सुलभाताई म्हणाल्या. "एक बाळ," पद्मिनी त्याच वेळी म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "म्हणजे दोन मुलं," सुलभाताई सावरत म्हणाल्या, "त्यातलं एक बाळ."

"अन् थंडी तर पडून राहिली. बाळाला गरम कपडे आहेत का?"

हे कोणी ठरवून आलं नव्हतं. पद्मिनीने आधी मान होकारार्थी हलवली, मग नकारार्थी.

"मी स्वेटर विणते त्याच्यासाठी," वसुधा म्हणाली. "अन् सोऱ्या नुसता नाही मिळायचा. मी येते सोबत. चकल्या माझ्याकडे."

सुलभाताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जिच्यासाठी विक्री, तीच कढईपाशी उभी राहणार! पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? "छान, छान," म्हणत दोघी गाडीत जाऊन बसल्या आणि गाडी बराच वेळ हललीच नाही. आत जोरात भांडण चाललं होतं, बहुतेक बाळावरून.

संध्याकाळी वसुधाने चंद्रशेखरला सगळं सांगितलं. तो पोटावर शेक घेऊन पडला होता. "आपण लान्सिंगला जाऊन भेटू या का त्या माणसाला?" तो म्हणाला. "मला बरं वाटलं की जाऊ. त्याला जरा धीर येईल." मला त्या वेळी वाचा असती तर मी काय बोलून बसलो असतो सांगता येत नाही.

विक्रीच्या आदल्या दिवशी चर्चच्या किचनमध्ये आम्ही जमलो. सुलभाताई अनारसे करत होत्या, शोभा शंकरपाळ्या, पद्मिनी सगळ्यांच्या मध्ये. वसुधाने भाजणी भिजवली, कडकडीत तेलाचं मोहन घातलं, गोळा माझ्या पोटात भरला आणि मूठ फिरवली. त्या दिवशी मी जसा चाललो तसा आयुष्यात कधी चाललो नाही. चकलीमागून चकली उतरत होती, काटा उभा, एक तेलात विरघळली नाही की मोडली नाही. दमल्यावर मूठ फिरवायला दुसरी कोणी पुढे आली की वसुधा म्हणायची, "राहू द्या. त्या बाईला म्हणावं, ट्रॉयची एक बहीण आहे तिला." हे ऐकलं की शोभा तोंड फिरवून शंकरपाळ्या कापायला लागायची. त्या दिवशीच्या शंकरपाळ्या म्हणूनच वाकड्यातिकड्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मराठी घरं तर सगळी आलीच, पण ज्ञानदेवने कारखान्यात नोटीस लावली होती म्हणून तिथले गोरे-काळे कामगारही आले, चर्चच्या म्हाताऱ्या बायकाही आल्या. मला वाटलं, झालं काम.

पण आपल्या बायका! त्यांनी घरात आलेल्याला आयुष्यभर खाऊ घातलेलं, त्याच्याकडून पैसे मागायचे कसे हे कोणी शिकवलेलंच नाही. कोणी खिशात हात घातला की सुलभाताई, "अहो राहू द्या हो, तुम्ही काय परके का? आधी खाऊन तर बघा." पद्मिनी एका गोऱ्या म्हाताऱ्याला करंजी वाढून वर, "वन मोअर, प्लीज, वन मोअर." तो डॉलर पुढे करतोय, ही त्याचा हात मागे लोटतेय. शोभाने तर चर्चच्या पाद्र्याला घरी न्यायला डबा भरून दिला. पैशांची पेटी घेऊन बसलेली रुपाली दहा वर्षांची. ती बिचारी सगळ्यांना म्हणत होती, "एक्सक्यूज मी, यू हॅव टु पे," पण काकवांपुढे तिचं कोण ऐकतो? अर्धा फराळ संपला आणि पेटी हलवली की नुसती वाजायची.

वसुधा आतून चकल्यांची परात घेऊन आली. दारातच उभी राहून तिने हा सगळा पाहुणचार पाहिला. मग परात टेबलावर आपटली.

"काय करून राहिल्या तुम्ही?" तिचा आवाज हॉलच्या त्या टोकाला पोचला. "तिकडे त्या बाईचा नवरा खाटेवर पडून आहे, अन् तुम्हाला इथं पैसे मागायची लाज वाटून राहिली? तिची लाज कोण झाकणार मग?"

मग वसुधाने पदर खोचला, मला आणि एक शेगडी बाहेर टेबलावर आणून मांडलं आणि सगळ्यांसमोर ताज्या चकल्या तळायला घेतल्या. फुकट खाऊन दाराशी पोचलेल्यांना तिने हाका मारून परत बोलावलं. सुलभाताईंच्या यजमानांनी चार लाडू खाल्ले होते, त्यांना सगळ्यांदेखत पाकीट काढायला लावलं. "अहो, मी अध्यक्षांचा नवरा," ते म्हणाले. "मग तर डबल द्या," वसुधा म्हणाली. लोक हसले, रांग लागली, पेटीचा आवाज बदलला. माझ्याभोवती गोरी पोरं गोळा झाली होती. पिठाची चांदणी गोल गोल उतरते कशी, हे बघायला लोक पैसे देत होते. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी जरा शेफारलो होतो.

तेवढ्यात बिल आला. चंद्रशेखरच्या जुन्या खात्यातला मुकादम, दांडगा माणूस, टोपी हातात. त्याने एक नोट घडी करून पेटीत टाकली, चकली घेतली नाही. वसुधासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "दिस इज फॉर चंद्रा. टेल हिम, वुई आर ऑल प्रेइंग फॉर हिम."

आता कळलं घोटाळा काय झाला? सुलभाताईंनी ट्रॉयमधल्या एकूण एक मराठी माणसाला शपथ घातली होती. ते गुपित मराठीत अगदी बंदोबस्तात होतं. इंग्रजीत कोणी ठेवायचं, हे मात्र कोणालाच सुचलं नाही. कारखान्यातल्या नोटिशीवर ज्ञानदेवने सरळ नाव लिहून टाकलं होतं.

माझ्या मुठीवरचा हात थांबला. चकली अर्धीच वळली होती, तिचं टोक माझ्या चांदणीला लोंबत राहिलं. तो हात मला इतक्या वर्षांच्या ओळखीचा, पण इतका गार मी कधी अनुभवला नव्हता. मला वाटलं, आता ही मला इथेच टाकेल, रुपालीचा हात धरेल आणि निघून जाईल, आणि पुन्हा मंडळाचं तोंड पाहणार नाही.

वसुधाने मान वर करून हॉलभर पाहिलं. सुलभाताईंच्या बोटाला तेलाने आलेला फोड. शोभाचे सुजलेले डोळे. पद्मिनीच्या केसांत पीठ. मग तिने मूठ पुन्हा फिरवली आणि अर्धी राहिलेली चकली पुरी केली.

"थँक यू, बिल," ती म्हणाली. "आय विल टेल हिम."

बिल गेला. पुढचं गिऱ्हाईक आलं, एक कॉलेजातला मुलगा. त्याने चार चकल्या उचलल्या आणि उभा राहिला. वसुधाने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. घटकेपूर्वी जी हॉल दणाणून सोडत होती, तिला आता साधे पैसे मागता येईनात. दुसऱ्या बाईसाठी मागणं सोपं होतं हो.

मुलगा इकडेतिकडे पाहायला लागला. तेव्हा पलीकडून सुलभाताईंचा आवाज आला. ज्यांना सकाळपासून एक डॉलर मागता आला नव्हता, त्या सुलभाताई, आणि शब्द वसुधाचेच. "ए मुला, पैसे टाक पेटीत! तिकडे त्या बाईचा नवरा खाटेवर पडून आहे!" त्यांच्यामागून शोभा तेच म्हणाली. पद्मिनी तर इतक्या जोरात म्हणाली की पाद्री दचकला. सगळा हॉल वसुधासाठी वसुधाचंच वाक्य ओरडत होता, आणि ती खाली मान घालून चकल्या पाडत होती. माझ्या पितळेवर टपटप काहीतरी पडलं. ते तेल नव्हतं.

"काय गं, काय झालं?" सुलभाताईंनी विचारलं.

"काही नाही," वसुधा म्हणाली. "धूर गेला डोळ्यात."

घरी आल्यावर तिने मला धुतलं, पुसलं, आणि मांडीवर घेऊन चंद्रशेखरच्या पलंगाच्या कडेला बसली. "लान्सिंगच्या माणसासाठी पुष्कळ जमलं," ती म्हणाली. "बरं झालं," तो म्हणाला, "सुटला बिचारा." त्यावर ती आधी हसली आणि मग मोठ्याने रडली, आणि मग त्याला खरं काय ते सांगितलं. "परत करायचे का?" त्याने विचारलं.

"मीच ओरडून ओरडून मागितले," वसुधा म्हणाली. "मागायची लाज कशाची, असं मीच त्यांना सुनावलं. आता परत करू तर कोणत्या तोंडाने?"

चार दिवसांनी सुलभाताई मोठं पाकीट घेऊन आल्या, बाकीच्या दोघी मागे. वसुधाने पोहे करून ठेवले होते. सुलभाताईंनी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. लान्सिंगच्या फॅमिलीची दुसरीकडून सोय झाली. पैसे तसेच राहिले. आणि मंडळाच्या घटनेत लिहिलंय की उरलेली रक्कम सगळ्यात जास्त काम करणाऱ्या सभासदाला द्यावी.

"मंडळाला घटना आहे?" वसुधाने विचारलं.

"आता आहे," सुलभाताई म्हणाल्या.

वसुधाने पाकीट घेतलं. कपाळाला लावलं आणि डब्याच्या मागे ठेवलं. तिघींनी पोह्यांच्या बशा उचलल्या. तेव्हा तिने आतून एक पिवळं लोकरी स्वेटर आणून पद्मिनीच्या हातात दिलं. "पैशांची सोय झाली तरी थंडी तर आहे ना. बाळाला पोचवा."

पद्मिनीने सुलभाताईंकडे पाहिलं, सुलभाताईंनी पोह्यांकडे. स्वेटर घेऊन तिघी गेल्या. दार लावल्यावर वसुधा पहिल्यांदा मनापासून हसली, अशी की पोट धरून ओट्याला टेकावं लागलं.

ऑपरेशन नोव्हेंबरातच, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी झालं. चंद्रशेखर वाचला. अशक्त झाला, चिडचिडा झाला, मिरची बंद झाली म्हणून महिनाभर रुसला, पण वाचला. पुढे एका शाळेत यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली, विम्यासकट.

वसुधाने मात्र त्या तिघींना सोडलं नाही. दर दिवाळीला चकल्यांचा एक डबा वेगळा काढायची. "हा लान्सिंगला पोचवा हं." त्या मान खाली घालून न्यायच्या आणि गुपचूप खायच्या. शिवाय चौकशी चालूच. बाळ चालायला लागलं का? दात आले का? त्या बिचाऱ्या सांगत राहायच्या. बाळ चाललं, बोललं, त्याला कांजिण्या आल्या, ते शाळेत गेलं. शोभाने एकदा चुकून त्याला मुलगी म्हटलं तेव्हा सुलभाताईंनी तिला टेबलाखालून असा पाय मारला की तिच्या हातातली बशी पडली. आपण वसुधाला सात वर्षं फसवतोय, या विचाराने त्या तिघी झुरायच्या. फसतंय कोण हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं.

आता ही एकोणनव्वदची दिवाळी. रुपाली ॲन आर्बरला कॉलेजात गेली. माझी मूठ जराशी ढिली झाली आहे, पेच कुरकुरतो. वसुधाच्या घरी शेवेसाठी नवा हलका सोऱ्या आला आहे. बोलत नाही मी त्याच्याशी. वाटलं होतं, आता आपण शोकेसमध्ये बसायचं.

पण गेल्याच आठवड्यात सुलभाताई हताश होऊन आल्या. गावात नवीन जोडपं आलंय, संजीव आणि दीपा, कडेवर लहान बाळ. संजीवला तोच आजार. काम कंत्राटावरचं, विमा नाही. "मी डबा घेऊन गेले होते," सुलभाताई म्हणाल्या. "डबा परत आला. पाकीट तसंच."

वसुधा लगेच उठली, कपाट उघडून मला काढलं, पर्समध्ये घातलं आणि सुलभाताईंना घेऊन दीपाकडे गेली. दीपाने दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, कडेवर बाळ, आणि ओठांवर तेच हसू: आमचं बरं चाललंय, काही नको.

"दीपा, मंडळाची फराळाची विक्री आहे," वसुधा म्हणाली. "हात कमी पडून राहिले. येशील का मदतीला? लान्सिंगला एक फॅमिली आहे, नवरा आजारी आहे बिचारीचा."

सुलभाताईंनी झटकन तिच्याकडे पाहिलं.

दीपाने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "मुलंबाळं आहेत का हो त्यांना?"

"एक बाळ आहे," वसुधा म्हणाली.

दीपाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "येते मी, वसुधाताई. पण मला चकली जमत नाही."

"तुला कशाला जमायला पाहिजे? याला जमते," म्हणत वसुधाने मला तिच्या हातात दिलं. एकटं. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः बरोबर न येता, मला दुसऱ्याच्या घरी ठेवलं.

दार लागेपर्यंत सुलभाताई कशाबशा गप्प होत्या. खिडकी उघडी होती म्हणून पायरीवरचं बोलणं मला ऐकू आलं.

"वसुधा! तुला माहीत होतं? कधीपासून?"

"काय माहीत होतं?" वसुधा म्हणाली. "ते पिवळं स्वेटर जपून ठेवलंय ना तुम्ही? लान्सिंगचं बाळ तर आता दुसरीत गेलं, त्याला काय बसतंय. दीपाच्या बाळाला होईल."

गाडीचं दार वाजलं, पण गाडी बराच वेळ हलली नाही. या वेळी आतून भांडण नाही, दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं, आणि मधेच कोणीतरी नाक ओढत होतं.

तर मी सध्या इथे आहे, दीपाच्या ओट्यावर. उद्या भाजणी भिजेल. हिचा हात अजून नवखा आहे, पण मी सांभाळून घेईन. तुमच्याही दाराशी कधी कोणी सोऱ्या मागायला आलं आणि लान्सिंगच्या कुटुंबाचं नाव घेतलं, तर फार खोलात शिरू नका. पदर खोचा आणि या.